स्वमग्न मूल शब्दांपर्यंत कसं येतं: घरी रोज काय करायचं

साडेतीन वर्षांचं पोर स्वयंपाकघरात येतं, आईचं मनगट धरतं आणि तिचा हात फळीवरच्या डब्याकडं ढकलतं. तोंडातून आवाज नाही. आईच्या चेहऱ्याकडं बघतही नाही, सगळं लक्ष डब्यावर. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तोंडानं मागितल्याशिवाय देऊ नको, आपोआप बोलतंय बघ." हा सल्ला ऐकू नका. पोरानं मागितलेलं आहे. आपल्याला काय हवं हे त्याला कळलंय, ते आईकडून मिळतं हेही कळलंय, शब्द तेवढा अजून हाताशी नाही. त्या मागण्याला शब्द जोडून द्यायचा, हे घरच्यांचं काम. ते दिवसातून चाळीस-पन्नास वेळा करावं लागतं आणि ते जमतं.

पुढची माहिती साधारण अडीच ते आठ वर्षांच्या, अजिबात न बोलणाऱ्या किंवा मोजकेच शब्द बोलणाऱ्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या घरांसाठी आहे.

आधी कान तपासा

हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाची पुडी फोडली की दुसऱ्या खोलीतून पळत येतं. म्हणजे कान ठणठणीत, असं घरीच ठरवून टाकू नका. काही मुलांना ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला शब्द शिकवणं म्हणजे भिंतीशी बोलणं. लहान मुलाची 'बेरा' ही ऐकण्याची तपासणी ते झोपेत असताना करतात, दुखत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या आणि हे पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.

बाराव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा' सारखे आवाज नाहीत, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, यातलं काहीही असेल तर वाट बघत बसू नका. "आमच्यातल्या मुली लवकर बोलतात, मुलगे उशिरा" हे ऐकून वर्ष घालवलेली घरं गल्लोगल्ली आहेत. आणि बोलत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. कधीकधी यामागं न दिसणारे फिटचे झटकेही असतात.

स्पीच थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का बघा आणि एकच प्रश्न विचारा: आम्हाला आत बसू देणार का? आठवड्यातून पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठका म्हणजे दीड तास. मूल आठवड्यात ऐंशीहून जास्त तास जागं असतं. जे आत घडतं ते घरच्यांना दिसलं नाही, तर उरलेले तास वाया जातात.

तीन दिवस फक्त लिहा

पहिले तीन दिवस काही शिकवू नका. शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा: काय हवं होतं, कसं सांगितलं, मग काय झालं. "झोपाळा – पप्पांचं बोट ओढलं – झुलवलं." "टीव्ही बंद नको – जमिनीवर डोकं आपटलं – परत लावला." "पाणी – मोकळा पेला आणून दिला – भरून दिला." तीन दिवसांत पंचवीस-तीस ओळी होतात, आणि बहुतेक घरांना तेव्हा पहिल्यांदा दिसतं की आपलं पोर किती सांगत असतं.

या वहीतूनच पहिले सहा ते आठ शब्द निवडा. कसोटी एकच: शब्द उच्चारला की लगेच काहीतरी मिळालं पाहिजे किंवा थांबलं पाहिजे. रंग, आकडे, फळांचा तक्ता यातलं काही नको. 'ए फॉर ॲपल' पासून 'झेड फॉर झेब्रा' पर्यंत घडाघडा म्हणणारी आणि तहान लागल्यावर मात्र रडणारी मुलं बरीच असतात. त्यांना आवाज येतात, पण आवाजाचा उपयोग कुणी दाखवलेला नाही.

'पाणी', 'दे', 'उघड', 'चल', 'बास', 'नको' हे चांगले पहिले शब्द. ओठांवरचे प, ब, म लवकर येतात, तर र, ळ, श उशिरा. 'पाणी' चं 'पा' आलं तरी तो पूर्ण शब्द समजा आणि पाणी द्या. उच्चार पुढं सुधारतो. घरात भाकरी होत असेल तर 'भाकरी' शिकवा, 'पोळी' नको. घरात 'पायजे' म्हणत असतील तर पुढं तेच. चार खोल्यांत जो शब्द दिवसभर कानावर पडतो, तोच मुलाला सापडतो. इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून घरची मराठी किंवा कानडी बंद करण्याचीही गरज नाही. दोन भाषांमुळं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागं पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. घरच्यांची भाषा काढून घेतली की आजीशी बोलण्याची वाट मात्र नक्की बंद होते.

'अजून' आणि 'पाहिजे' हे शब्द अगदी सुरुवातीला शिकवले तर एक घोटाळा होतो. मूल सगळ्यालाच 'अजून' म्हणतं आणि अजून काय ते कुणालाच कळत नाही. आधी चार-पाच वस्तूंची नावं पक्की होऊ द्या.

प्रत्येक आईला पहिला शब्द 'आई' च हवा असतो. पण समोर बसून "मी कोण? मी कोण?" विचारल्यानं तो येत नाही. आईनं दाराआड लपावं, दुसऱ्यानं मुलाच्या बाजूला बसून मोठ्यानं "आई!" म्हणावं, आणि त्या क्षणी आईनं हसत बाहेर यावं. दिवसातून आठ-दहा वेळा. मग एकदा दुसऱ्यानं गप्प राहावं. हाक मारली की माणूस येतं, हे कळल्यावर त्या शब्दाला अर्थ येतो.

चुरमुऱ्यांचा डबा

सुरुवातीला चुरमुऱ्यांसारखी सोयीची वस्तू नाही. दाणा लहान, तोंडात विरघळतो, पोट भरत नाही, अर्धी वाटी कितीतरी खेपा पुरते. साधे चुरमुरे घ्या. भडंग नको, त्यातले शेंगदाणे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. मुलाला चुरमुरे आवडत नसतील तर फुगे, साबणाचे बुडबुडे, भोवरा, जे त्याच्या वहीत आहे ते.

झाकण घट्ट फिरवायचं असा पारदर्शक डबा घ्या, मुलाला उघडता येणार नाही असा. वेळ दुपारच्या झोपेनंतरची, फार भूक नाही आणि पोटही भरलेलं नाही अशी. टीव्ही बंद, मिक्सर बंद. सतरंजीवर समोरासमोर बसा, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आले पाहिजेत.

पहिले तीन-चार दाणे असेच द्या, काही न मागता. मग झाकण लावा आणि डबा तुमच्या हनुवटीजवळ धरा. आता गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा.

सगळं इथंच बिघडतं. मोठ्या माणसाला तीन सेकंदांची शांतता सोसत नाही. "काय पाहिजे? चुरमुरे पाहिजेत? बोल की, चु... चुरमुरे... म्हण बाळा" असा मारा सुरू होतो. या मुलांना ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला जास्त वेळ लागतो. पहिला प्रश्न आत पोचत असतानाच तुम्ही दुसरा टाकला की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दहा सेकंद ही फार मोठी मदत आहे.

दहाच्या आत ते काहीतरी करेल: डब्याला हात लावेल, तुमच्याकडं ओझरतं बघेल, "अं" करेल. तेवढ्यावर झाकण उघडा, एकदाच स्वच्छ "चुरमुरे" म्हणा आणि दोन-तीन दाणे हातावर ठेवा. शब्द आणि दाणा एकाच वेळी मिळाला पाहिजे, पाच सेकंदांनी दिलेल्या दाण्याशी शब्द जोडला जात नाही. सात-आठ दिवस असं झालं की हात पुढं करण्यापेक्षा थोडं जास्त, म्हणजे कसलाही आवाज, येतो का याची वाट बघा. मग "चु..." म्हणून थांबा. पाच सेकंदांत काही आलं नाही तर तुम्हीच शब्द पूर्ण करा आणि द्या. प्रत्येक वेळी शेवटी द्यायचंच. रडू आलं तर तुम्ही जास्त ताणलंत. ती खेप सोडा, पुढच्या खेपेला कमी थांबा.

चार-पाच मिनिटं पुरे, दिवसातून तीन वेळा. मूल अजून मागत असतानाच थांबा, म्हणजे उद्या ते स्वतः डबा घेऊन येईल. जेवण, तहानेचं पाणी, औषध, शी-शू या गोष्टी शब्दासाठी कधीही अडवायच्या नाहीत. भुकेल्या मुलाला शब्द सुचत नाही, आणि बोलणं म्हणजे छळ अशी त्याची खात्री पटते.

"म्हण" हा शब्द घरातून काढून टाका. "म्हण पाणी" ऐकून ही मुलं "म्हण पाणी" असंच म्हणायला लागतात आणि पुढं सहा-सहा महिने ते सुटत नाही. दुसरं असं की, कुणी "म्हण" म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी सवय लागते. "शाब्बास, किती छान बोलला माझा राजा" हेही आवरा. शब्द म्हटला की चुरमुरे मिळाले, यातच त्याचं कौतुक आलं. कौतुकाच्या गलबल्यात शब्द बुडतो.

तुम्ही स्वतः मुलाच्या एक पाऊल पुढं बोला. ते एकही शब्द बोलत नसेल तर तुमचा एक शब्द. ते "दे" म्हणायला लागलं की तुमचे दोन: "चुरमुरे दे." सात शब्दांच्या वाक्यातून त्याला हवा तो शब्द वेचता येत नाही.

झोपाळ्यावरही हेच. झोपाळा मागं ओढून धरा, "एक... दोन... तीन!" म्हणून सोडा. दहा वेळा अगदी त्याच चालीत. अकराव्या वेळी "एक... दोन..." वर थांबा आणि झोपाळा धरून ठेवा. मराठीची एक सोय अशी की क्रियापद शेवटी येतं. "दार..." म्हणून थांबलात की मोकळी जागा नेमकी 'उघड' ची राहते.

कार्डं करा, घाबरू नका

आवाज येतच नसेल तर महिनोन्महिने वाट न बघता सोबत चित्रकार्डं सुरू करा. "कार्डाची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विश्वासार्ह नोंदी असलेल्या एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. मागण्याची धडपड कमी झाली की आवाजाला वाव मिळतो.

कार्ड देऊन वस्तू घेण्याची पद्धत, 'पेक्स', अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत बसवली. घरच्या डब्याचा, घरच्या पेल्याचा फोटो काढा. इंटरनेटवरचं चित्र नको, त्यातला पेला त्याचा नसतो. ५ बाय ५ सेंटिमीटरचे प्रिंट काढून लॅमिनेशन करा, कोपरे गोल कापा. शिवणसामानाच्या दुकानात वेल्क्रो मीटरवर मिळतो. सगळ्या कार्डांना एकच बाजू आणि वहीच्या पुठ्ठ्याला दुसरी, नाहीतर कार्डं एकमेकांनाच चिकटतात. प्रत्येक कार्डाचे दोन जादा प्रिंट काढून ठेवा, ती चावली जातात, हरवतात.

सुरुवातीला दोन माणसं लागतात. पप्पा समोर चुरमुरे घेऊन, मधे एकच कार्ड. आजी मुलाच्या मागं. मूल चुरमुऱ्यांकडं झेपावलं की आजीनं गुपचूप त्याचा हात कार्डावर न्यायचा, उचलायला लावायचं आणि पप्पांच्या तळहातावर ठेवायला लावायचं. त्याच क्षणी पप्पांनी "चुरमुरे" म्हणून द्यायचे. "कार्ड दे" कुणीही म्हणायचं नाही. मागच्या माणसानं तर तोंडच उघडायचं नाही. आजीची मदत रोज थोडी कमी करा: आधी मनगट, मग कोपर, मग नुसता खांद्याला स्पर्श. समोरच्या माणसानंच हात धरून करून घेतलं तर मूल तुमच्या हाताची वाट बघत बसतं, सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच.

ते पक्कं झालं की अंतर वाढवा. पप्पा दोन पावलं लांब, मग दुसऱ्या खोलीत. त्यानंतरच दोन कार्डं: एक चुरमुऱ्यांचं, एक मोज्याचं. मोज्याचं दिलं तर शांतपणे तो पायमोजाच हातात द्या. न चिडता फरक समजतो.

कार्डं ओळीनं लावून वाक्य करायच्या पट्टीवर आल्यावर एक सांभाळा. तयार मिळणारे तक्ते इंग्रजी क्रमाचे असतात, 'मला पाहिजे' आधी आणि वस्तू नंतर. तोच क्रम लावला तर पोर "पाहिजे चुरमुरे" असं उलटं बोलायला शिकतं. मराठीत वस्तू डावीकडं आणि 'पाहिजे' शेवटी लावा. 'पाहिजे' की 'पाहिजेत' यावर आत्ता अडू नका. फोन किंवा टॅब चालत असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही आहे. फक्त तो टॅब बोलण्यासाठी वेगळा ठेवा. त्याच्यावर कार्टून लागलं की तो बोलण्याचा उरत नाही.

ऐकलेलं तसंच म्हणत असेल तर

तुम्ही विचारता, "पाणी पाहिजे का?" ते म्हणतं, "पाणी पाहिजे का?" हा उद्धटपणा नाही, पोपटपंचीही नाही. पाणी मिळालं तेव्हा कानावर पडलेलं वाक्य त्यानं अख्खं उचललंय. त्याचा अर्थ "मला पाणी पाहिजे" असाच आहे. उपाय तुमच्याकडं आहे: प्रश्न बंद करा आणि मुलाच्या तोंडी शोभेल असं वाक्य त्याच्या बाजूनं बोला. पेला भरताना "पाणी पाहिजे" म्हणा. "तुला" म्हणालात तर ते स्वतःलाच "तुला" म्हणेल.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. मुलगा आईचं ऐकून "मी जाते, मी येते" म्हणत राहतो. म्हणून आईनं मुलाच्या वतीनं बोलताना "मी जातो" म्हणावं. मुलगी असेल तर घरात बायका जसं बोलतात तसं: कोल्हापुरात कित्येक घरांतल्या बायका-मुली "मी आलो, मी जातो" च म्हणतात, तिथं ती तेच उचलेल आणि ते बरोबरच आहे. थेरपिस्टला मात्र घरची पद्धत सांगून ठेवा.

कधी वाक्य दिवसांनी, भलत्याच जागी येतं. घरात पाहुणे दाटले की एखादं पोर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत सुटतं. केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये गर्दीत अंग चेपलं गेलं तेव्हा ऐकलेलं ते वाक्य आहे. त्याला म्हणायचंय, मला जागा नाही. "गप" म्हणू नका. "जागा पाहिजे" म्हणा आणि त्याला बाजूच्या खोलीत न्या. अशी वाक्यं वहीत लिहा: वाक्य, कुठं म्हटलं, त्याआधी काय झालं.

'नको' ला मान द्या

मागणं शिकवणारी घरं नाकारणं शिकवायला विसरतात. मग पोर चावतं, ताट उडवतं, आपटतं. नावडती भाजी ताटाजवळ आणा, ते तोंड फिरवणार त्याच्या आत तुम्ही "नको" म्हणा आणि भाजी दूर करा. दिवसात दहा वेळा. सुरुवातीला प्रत्येक 'नको' चालला पाहिजे, शब्दात ताकद आहे हे कळल्याशिवाय ते वापरणार नाही. म्हणून औषध, अंघोळ अशा न टळणाऱ्या गोष्टींवर 'नको' शिकवू नका. 'बास' आणि 'घरी' ही दोन कार्डं गणपतीच्या दिवसांत खिशात ठेवा. ढोल-ताशे सुरू झाले की येत असलेले शब्दही निघून जातात. मिरवणुकीच्या दिवशी कोल्हापुरात महाद्वार रोडला नेण्याचा अट्टहास नको, आणि नेलंच तर कानांवर हेडफोन आणि बाहेर पडायची गल्ली आधी ठरवून.

बोलतं करणारं औषध नाही

वेखंड चाटवून, जिभेखालची शीर कापून, टाळू भरून ऑटिझममधलं न बोलणं जात नाही. वेखंड लहान मुलाच्या पोटात जाणं धोक्याचंही आहे. लाखो रुपये मागणाऱ्या स्टेम सेल उपचारांपासून लांब राहा. "पाच वर्षांपर्यंत बोललं तर बोललं" हेही खरं नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, चौथ्या वर्षीही वाक्यं न बोलणाऱ्या ५३५ मुलांची माहिती तपासली. आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर त्यातली ७० टक्के मुलं निदान छोटी वाक्यं बोलू लागली होती. उरलेल्यांसाठी कार्ड किंवा ॲप हेच बोलणं, आणि ते तितकंच खरं असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेवा. शाळेच्या सवलतींसाठी ते लागतं.

घराबाहेर

सतरंजीवर आईकडं मागता येतं म्हणून बाहेर मागता येईल असं नसतं. या मुलांना शब्द जागेला आणि माणसाला चिकटून राहतो. तो सोडवावा लागतो. एकच शब्द घ्या आणि माणूस बदला: आई, मग आबा, मग आत्या. मग जागा बदला. 'दूध' घरी पक्कं झालं की कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्या. पेला तिथला, माणूस अनोळखी, शब्द तोच.

चुरमुऱ्यांसाठी रंकाळ्याच्या चौपाटीवर आठवड्यातल्या साध्या वारी, गर्दी व्हायच्या आत जा. एकच गाडी ठरवा आणि महिनाभर तिथंच जा. भेळवाल्या मामांना आदल्या दिवशी एकट्यानं भेटून सांगून ठेवा: पोरानं कार्ड पुढं केलं किंवा "चु" म्हटलं, तर "काय नाव तुझं", "बोल की बाळा" असं काही विचारायचं नाही. "चुरमुरे" म्हणायचं आणि लगेच पुडी त्याच्या हातात द्यायची, आईच्या नाही.